अंथरूण पाहून

आमच्या थोरल्या काकांना गावात सगळे 'महाराज' म्हणत, आणि ते काही आदराने नव्हे. काका तालुक्याच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर. निवृत्त झाल्यावर फंडाचे जे काय पैसे हाती आले ते त्यांनी घर बांधायला काढले. इथवर ठीक होतं. 'घर पाहावं बांधून' असं आपल्या वाडवडिलांनीच सांगून ठेवलंय. पण वाडवडिलांच्या मनातलं घर म्हणजे ओटी, माजघर, मागे पडवी. काकांनी बांधायला घेतलेल्या घराला घुमट होता. घुमटाखाली अष्टकोनी खोली होती. त्या खोलीतून वर जायला गोल जिना होता आणि जिना जिथे संपत होता तिथे काहीही नव्हतं, कारण तिथवर येता येता फंड संपला होता. काकू म्हणायची, "न्हाणीघराला दार नाही अजून, आणि ह्यांना घुमट!"

या काकांची आठवण मला झाली ती थेट जर्मनीतल्या बव्हेरियात, एका डोंगरावर, छत्री उलटी झालेल्या अवस्थेत.

आमची लेक म्युनिकला असते. तिच्याकडे गेलेल्या प्रत्येक आईबापाला तो किल्ला दाखवावाच लागतो, जसं पुण्याला आलेल्या पाहुण्याला शनिवारवाडा. म्युनिकहून दोनेक तास आगगाडी, मग बस, मग पायी चढ. त्या किल्ल्याचं नाव नॉइश्वानस्टाइन. हा शब्द मी तीन दिवस पाठ केला आणि चौथ्या दिवशी तिकिटाच्या खिडकीशी विसरलो. तिथल्या बाईंना याची सवय असावी. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तिकीट दिलं. तिकिटावर वेळ छापलेली असते. त्या मिनिटाला दारात हजर राहायचं, अर्ध्या तासाच्या आसपास राजाच्या घरातून फिरायचं, आत फोटो काढायचा नाही, आणि दुसऱ्या दाराने बाहेर. आमच्या बँकेत खातेदारांना यापेक्षा जास्त वेळ मिळत असे.

हा किल्ला बांधणारा राजा म्हणजे बव्हेरियाचा दुसरा लुडविग. जन्म २५ ऑगस्ट १८४५, म्युनिकच्या निम्फेनबुर्ग राजवाड्यात. आजोबाही लुडविगच, आणि त्यांची जन्मतारीखही नेमकी हीच. हे आजोबा साधे नव्हते. त्यांच्या लग्नाच्या निमित्ताने १८१० साली म्युनिकबाहेरच्या माळावर जी जत्रा भरली, तीच पुढे दरवर्षी भरत जाऊन आजचा बिअरचा जगप्रसिद्ध ऑक्टोबरफेस्ट झाली. आणि उतारवयात हेच आजोबा लोला माँटेझ नावाच्या नर्तकीपायी इतके वाहवले की १८४८ सालच्या धामधुमीत त्यांना गादी सोडावी लागली. ही लोला स्वतःला स्पॅनिश म्हणवीत असे. प्रत्यक्षात ती आयर्लंडात जन्मलेली, आणि तिचं लहानपण काही काळ आपल्या हिंदुस्थानात गेलेलं. म्हणजे बव्हेरियाचा एक राजा घालवण्यात थोडासा हातभार आपल्या हवापाण्याचाही आहे. याचा अभिमान बाळगावा की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं.

नातवाचं बालपण होहेनश्वानगाउ नावाच्या किल्ल्यात गेलं. त्याच्या बापाने एक पडका किल्ला डागडुजी करून राहण्याजोगा केला होता आणि भिंतींवर जुन्या दंतकथांची चित्रं काढून घेतली होती. त्यात हंसाच्या नावेतून येणारा सरदार लोहेनग्रिन होता. पोराच्या डोक्यात तो हंस जो बसला तो उठला नाही. पंधराव्या वर्षी, १८६१ साली, त्याने वाग्नरचं 'लोहेनग्रिन' हे संगीतनाटक पाहिलं आणि तो रडला. आपल्याकडे गंधर्वांच्या नाटकाला रडलेली माणसं पुष्कळ होती, पण ती घरी येऊन जेवली आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत गेली. या पोराला कचेरीत जायची वेळ आली ती एकदमच. १० मार्च १८६४ रोजी बाप वारला आणि साडेअठरा वर्षांचा लुडविग राजा झाला. सहा फुटांहून उंच, कुरळ्या केसांचा, चित्रातल्यासारखा देखणा. राज्यकारभाराचं शिक्षण जेमतेम. त्या वयात मी एस.टी.चा पास हरवत होतो, हे लक्षात घेता त्याचं काही फार चुकलं असं मला वाटत नाही.

गादीवर बसल्यावर त्याने जी पहिली कामं केली, त्यांतलं एक म्हणजे वाग्नरला शोधून आणण्याचा हुकूम. वाग्नर तेव्हा पन्नाशीचा, आणि कुठल्यातरी अज्ञात स्थळी. अज्ञात असण्याचं कारण संगीतसाधना नव्हतं. धनको मागे लागले होते. राजाचा सचिव गावोगाव हिंडत अखेर श्टुटगार्टला त्याच्यापाशी पोचला. आलेला माणूस वसुलीवालाच असणार, अशी वाग्नरला शंका आल्याचं सांगतात. सचिवाने खिशातून काढली ती मात्र राजाची अंगठी आणि राजाचा फोटो. ४ मे १८६४ ला दोघांची भेट झाली. कर्जं फिटली, घर मिळालं, तनखा सुरू झाला. वाग्नर हा उसनवारीतला उस्ताद होता. पुढच्याच वर्षी त्याला राजाकडून चाळीस हजार गुल्डन मिळायचे होते. खजिन्यातल्या कारकुनांनी त्यातली बरीचशी रक्कम मुद्दाम नाण्यांच्या थैल्यांत दिली आणि ती घोडागाड्यांत भरून न्यावी लागली. सरकारी कारकुनाला राजाच्या हुकुमाविरुद्ध जेवढं करता येतं तेवढं त्याने केलं. बँकेत तीस वर्षं काढल्यामुळे मला त्या कारकुनाबद्दल फार आपुलकी वाटते.

पण एक मान्य करायला हवं. या पैशाशिवाय 'ट्रिस्टान आणि इझोल्ड' हे नाटक १८६५ साली म्युनिकला रंगभूमीवर आलं नसतं, आणि पुढे बायरॉइटचं नाट्यगृहही उभं राहिलं नसतं; तिथे पैसे अडले तेव्हा १८७४ साली राजानेच कर्ज देऊन गाडं पुढे ढकललं. म्युनिककरांना मात्र हे प्रकरण जड झालं. वाग्नर राजकारणात लुडबूड करू लागला, त्यातून संगीतसंचालकाच्या बायकोशी त्याचं सूत जुळलेलं. १८६५ च्या डिसेंबरात राजाला त्याला नाइलाजाने निरोप द्यावा लागला. पुढच्या मे महिन्यात प्रशियाशी लढाई तोंडावर आलेली, मंत्री राजाला शोधताहेत, आणि राजा गुपचूप स्वित्झर्लंडात वाग्नरच्या वाढदिवसाला गेलेला! त्या लढाईत बव्हेरिया ऑस्ट्रियाच्या बाजूने उतरला आणि हरला. तीन कोटी गुल्डन दंड बसला. तेवढ्यात किती किल्ले झाले असते, हा विचार राजाच्या मनात आला असेल की नाही कोण जाणे. माझ्या आला.

घर पाहावं बांधून या म्हणीचा दुसरा अर्धा भाग म्हणजे लग्न पाहावं करून. तेही त्याने करून पाहायचं ठरवलं. जानेवारी १८६७ मध्ये सोफी नावाच्या राजघराण्यातल्या मुलीशी वाङ्‌निश्चय झाला. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी एलिझाबेथ हिची ही धाकटी बहीण. लग्नासाठी सोन्याने मढवलेली गाडी तयार झाली, आणि मुहूर्त पुढे गेला. पुन्हा पुढे गेला. मुलीचा बाप चिडला. ऑक्टोबरात राजाने लग्न मोडलं. ती गाडी आजही निम्फेनबुर्गच्या संग्रहालयात उभी आहे. विनोद करायला ही जागा मोहाची आहे, पण राजाची डायरी पुढे प्रसिद्ध झाली तिच्यातून एवढं कळतं की त्याचं मन पुरुषांकडे ओढ घेत होतं, तो कट्टर कॅथलिक होता, आणि दर थोड्या दिवसांनी तो देवाला आणि स्वतःला 'पुन्हा नाही' अशी वचनं देत होता. घरात दहा माणसं झोपलेली असताना जो माणूस एकटा जागा असतो, त्याच्याविषयी मला फारसं हसू येत नाही.

आणि जागा तो खरोखरच असायचा. हळूहळू त्याने दिवसाची रात्र आणि रात्रीचा दिवस करून टाकला. मध्यरात्री जेवण. बर्फातून सोनेरी घसरगाडी, तिच्यावर विजेचा दिवा. बॅटरीवर चालणारे दिवे लावून रस्त्याने जाणारं वाहन तेव्हा जगात दुसरं क्वचितच असेल. डोंगरातल्या शेतकऱ्यांना रात्री खिडकीतून हा उजेड सर्रकन जाताना दिसे. नाटकं तो रिकाम्या नाट्यगृहात एकटा बसून पाही. १८७२ ते १८८५ या काळात असे दोनशे नऊ खेळ झाले. कारण त्याचं साधं होतं: लोक नाटकाऐवजी दुर्बिणी लावून त्याच्याकडेच बघत. आमच्याकडे नाटकाला पुढल्या रांगेत बसून पोहे खाणारे, मागल्या रांगेत मोबाइलवर बोलणारे बघितले की वाटतं, राजाचं एवढं एक वेड सर्वांनाच परवडायला हवं होतं.

१८७० साली बिस्मार्कने त्याच्या पदरात इतिहास टाकला. फ्रान्सचा पाडाव होत आला होता, प्रशियाच्या राजाला जर्मनीचा सम्राट करायचं होतं, आणि 'आपण सम्राट व्हावं' अशी विनंती दुसऱ्या कुणा मोठ्या राजाने केली तर शोभून दिसलं असतं. बिस्मार्कने विनंतीचं पत्र स्वतःच लिहिलं आणि सहीला लुडविगकडे पाठवलं. पत्र घेऊन सरदार पोचला तेव्हा राजा दाढदुखीने अंथरुणात होता. गोड खाण्याने त्याचे दात लहानपणापासून किडलेले. त्या अवस्थेत त्याने ते पत्र आपल्या अक्षरात उतरून दिलं. जर्मन साम्राज्य जन्मलं ते असं, गालाला फडकं बांधलेल्या माणसाच्या लेखणीतून. मोबदल्यात बिस्मार्कच्या गुप्त फंडातून लुडविगला वर्षानुवर्षं पैसे येत राहिले, आणि मधल्या सरदाराने आपली दलाली सोडली नाही. व्हर्सायला सम्राटाची द्वाही फिरली त्या सोहळ्याला मात्र लुडविग गेलाच नाही. धाकटा भाऊ ओटो गेला आणि उदास होऊन परतला.

आता राज्य राहिलं होतं ते नावाचं. लढाई बर्लिनच्या हाती, परराष्ट्र धोरण बर्लिनच्या हाती. खरा राजा होता येत नाही म्हटल्यावर त्याने नाटकातला राजा व्हायचं ठरवलं, आणि नाटकाला नेपथ्य लागतंच.

नॉइश्वानस्टाइनचा पहिला आराखडा कुणी काढला असेल? वास्तुविशारदाने नव्हे. नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या क्रिस्टियान यांक या चित्रकाराने! वास्तुविशारद नंतर आले. त्यांचं काम एवढंच, की पडद्यावरचं ते पडू नये. ५ सप्टेंबर १८६९ ला पायाचा दगड बसला. १८७९ आणि ८० या दोन वर्षांतच चार लाख विटा आणि ४६५ टन संगमरवर डोंगरावर चढला. किल्ला दिसायला मध्ययुगीन, आत मात्र गरम हवेने खोल्या तापवायची सोय, वरच्या मजल्यांवर नळाचं पाणी, नोकरांना बोलवायला विजेची घंटा, आणि आपोआप पाणी सोडणारे संडास. गोलमेजातल्या शूर सरदारांना जे कधी मिळालं नाही ते सगळं. मुदपाकखान्यात तर चुलीच्या गरम हवेनेच आपोआप फिरणाऱ्या मांस भाजायच्या सळ्या. आमच्या सौभाग्यवती सिंहासनाच्या दालनात दीड मिनिट थांबल्या आणि मुदपाकखान्यात दहा. शेवटी म्हणाल्या, "एकट्या माणसासाठी?"

'अंथरूण पाहून पाय पसरावे' हे ज्याने म्हटलं त्याने या राजाचं अंथरूण पाहिलं नव्हतं. पलंगावर देवळाच्या शिखरांसारखी लाकडी कोरीव शिखरं; त्या शयनगृहाच्या लाकूडकामावर चौदा कारागीर चार वर्षांहून अधिक काळ बसले होते. शेजारी हात धुवायचं भांडं, त्यात हंसाच्या चोचीतून पाणी. बाजूला सिंहासनाचं दालन: नऊशे किलोचं झुंबर, जमिनीवर वीस लाखांहून अधिक बारीक दगडांची नक्षी, समोर संगमरवरी पायऱ्या, आणि पायऱ्यांच्या वर काही नाही. सिंहासन करायचं राहून गेलं.

तिथे माझे पाय थबकले. पायऱ्या चढून जाव्यात आणि वर काही नसावं, असं दुसरं ठिकाण मी लहानपणापासून ओळखत होतो.

बाकीचे वाडे भराभर सांगतो. लिंडरहोफ हा छोटा, आणि तेवढा एकच पुरा झालेला. तिथलं जेवणाचं टेबल जमिनीतून खाली मुदपाकखान्यात उतरायचं आणि ताटं मांडून वर यायचं, म्हणजे नोकराचं तोंड दिसायला नको. त्याच्या मुदपाकखान्यात उमेदवारी केलेल्या एका पोराने पुढे आठवणी लिहून ठेवल्यात. तो सांगतो, जेवणारा एकटा राजा असला तरी पानं चार जणांची करावी लागत. बाकीचे तिघे फ्रान्सच्या दरबारातले, शंभर वर्षांपूर्वी वारलेले. बागेत कृत्रिम गुहा, गुहेत तळं, तळ्यात शिंपल्याच्या आकाराची नाव, आणि रंग बदलणाऱ्या दिव्यांसाठी चोवीस डायनामो. गुहेतला निळा रंग हवा तसा साधेना, तेव्हा त्याने आपल्या अश्वशाळेच्या प्रमुखाला इटलीत काप्री बेटावर, तिथल्या गुहेचा खरा निळा डोळ्यांनी बघून यायला पाठवलं. रंगाच्या दुकानात नमुन्याचं पुस्तक घेऊन बसणारी माणसं आपल्या घरी असतात. त्यांना निदान काप्रीला पाठवावं लागत नाही.

मला सगळ्यात आवडली ती गच्ची. म्युनिकच्या राजवाड्यावर काचेचं छप्पर घालून त्याने बाग केली होती. तळं, ताडमाड, एक झोपडी, मोर, आणि मागे भलामोठा रंगवलेला हिमालय. म्युनिकहून बर्फाचे खरे डोंगर हवा स्वच्छ असली की दिसतात, तरी त्याला आपला हिमालय हवा होता, यात मला जरा बरं वाटलं. फक्त ते तळं गळायचं, आणि खालच्या मजल्यावरच्या नोकरांच्या डोक्यावर तो हिमालय ठिबकायचा. आमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी गच्चीत कमळाची कुंडी केल्यापासून माझ्या दिवाणखान्यातही असाच एक हिमालय भिंतीवर उमटलाय. त्यामुळे या बाबतीत मी नोकरांच्या बाजूचा आहे. ती बाग १८९७ साली पाडून टाकली. आमची कुंडी अजून आहे.

हेरेनकिमझे हा सगळ्यात महागडा. एका सरोवरातलं अख्खं बेट घेऊन त्यावर व्हर्सायची नक्कल. तिथलं आरसेमहाल दालन मूळ व्हर्सायच्या दालनाहून लांब. एका बाजूचा जिना रत्नजडित वाटावा असा, दुसऱ्या बाजूचा नुसत्या विटांचा, गिलावासुद्धा नाही. एवढं करून राजा तिथे मुक्कामाला राहिला तो जेमतेम दहा दिवस. नॉइश्वानस्टाइनमध्ये एकूण एकशे बहात्तर दिवस. आणि ज्याच्या नाटकांसाठी हे सगळं, तो वाग्नर १८८३ सालीच वारला. त्याने तो किल्ला आतून कधी पाहिलाच नाही.

पैसे सरकारी तिजोरीचे नव्हते, हे लोक नेहमी विसरतात. राजाचा तनखा आणि राजाच्या नावावरची कर्जं. पण १८८५-८६ च्या सुमारास देणं एक कोटी चाळीस लाख मार्कांच्या घरात गेलं, धनको जप्तीची भाषा बोलू लागले, आणि राजा म्हणत होता, आणखी पैसे आणा. त्याच्या डोक्यात पुढचा किल्ला तयार होता. एकदा त्याने बव्हेरियाच्या बदल्यात जिथे निवांत राज्य करता येईल असं एखादं बेट शोधायला एका विद्वानाला कॅनरी बेटांपासून सायप्रसपर्यंत धाडलं होतं. विद्वान फिरून आला आणि त्याने प्रवासवर्णन लिहिलं. विद्वानांना बेटं नाही मिळाली तरी पुस्तकं मिळतातच.

मंत्र्यांनी शेवटी सरळ मार्ग काढला: राजाला वेडा ठरवायचं. प्रोफेसर फॉन गुडेन आणि आणखी तीन डॉक्टरांनी ८ जून १८८६ ला अहवाल दिला की राजाचं वेड असाध्य आहे. राजाला तपासलं नव्हतं. नोकरांच्या जबान्या घेतल्या होत्या, आणि त्यांतले काही नोकर राजाने हाकललेले. आजच्या अनेक मनोविकारतज्ज्ञांना ते निदान पटत नाही. त्या आरोपांत असंही होतं की राजाला मोराच्या आकाराच्या गाडीत बसून तळ्यावरून उडत जायचंय. पाचच वर्षांनी लिलिएनथाल नावाचा दुसरा एक जर्मन टेकडीवरून खरोखर तरंगत गेला, आणि त्याचे पुतळे झाले.

पहिल्यांदा पकडायला आलेल्या शिष्टमंडळाची फजिती झाली. एका गाडीवानाने राजाला आधीच सावध केलं. गावचे अग्निशामक दलवाले आणि शेतकरी किल्ल्याकडे धावले. यात नवल नव्हतं. त्या बांधकामावर पंचक्रोशीची चूल पेटत होती, आणि १८७० पासून तिथल्या कामगारांचा एक फंड होता, ज्यात राजा स्वतः भर घाली आणि आजारी पडलेल्याला पगार मिळे. एक सरदारीण तर मंत्र्यांवर छत्री घेऊन धावून गेली. पण दोन दिवसांनी दुसरी तुकडी आली आणि राजाला गाडीत घालून श्टार्नबेर्ग सरोवराकाठच्या बेर्ग वाड्यात घेऊन गेली. मला न तपासता तुम्ही वेडा कसं ठरवलंत, असं राजाने गुडेनला विचारलं म्हणतात. गुडेनचं उत्तर असं की कागदपत्रं भरपूर होती.

आता मला काकांकडे जायला हवं.

१९८४ साली दिवाळीनंतर आमच्या घरी बैठक बसली. काकांनी तोवर गावच्या पतपेढीचं कर्ज काढलं होतं आणि शेताचा एक तुकडा गहाण टाकला होता. बैठकीला माझे वडील, दोन आत्यांचे यजमान, गावचे एक डॉक्टर, आणि मी. मी का, तर बँकेत नुकताच लागलो होतो आणि अक्षर बरं होतं. काका बैठकीला नव्हते. पाणी आणायला विहिरीवर गेले होते, सिमेंटवर मारायला. 'प्रकृती ठीक नसल्याने यापुढे आपला व्यवहार माझे बंधू पाहतील' असा मजकूर ठरला. डॉक्टरांनी विचारलं, प्रकृतीला काय झालंय लिहू? आत्याचे यजमान म्हणाले, घुमट झालाय लिहा. सगळे हसले, मीही हसलो. मजकूर मी लिहिला आणि साक्षीदार म्हणून सही केली. संध्याकाळी काका आले, कागद वाचला, म्हणाले, "अक्षर चांगलं आहे तुझं. माझ्याच हाताखाली गिरवलंयस." सही केली आणि सगळ्यांना चहा टाकायला सांगितला. मला कुणी अडवलं नव्हतं. काकांना विचारून यायला विहीर पन्नास पावलांवर होती.

लुडविगला चहाही मिळाला नाही. १३ जून १८८६ ला, रविवारी संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास, तो आणि गुडेन सरोवराकाठी फिरायला गेले. गुडेनने रखवालदारांना मागे ठेवलं. रात्री अकराच्या सुमारास दोघांचीही प्रेतं उथळ पाण्यात सापडली. राजाचं घड्याळ सहा चौपन्नला थांबलं होतं. आत्महत्या, पळून जायचा प्रयत्न, की खून, यावर बव्हेरियात आजही पैजा लागतात. तिथले लोक त्याला लाडाने 'किनी' म्हणतात, म्हणजे आपल्या बोलीत 'राजं'. पाण्यात त्या जागी क्रूस उभा आहे आणि दर जूनमध्ये तिथे माणसं जमतात. तो चाळीस वर्षांचा होता. गादीवर भाऊ ओटो बसवला गेला, जो कित्येक वर्षांपासून खरोखरच कोंडून ठेवण्याइतका आजारी होता. राज्य चुलत्याने चालवलं. एका वेड्याला काढून दुसरा बसवण्याची ही व्यवस्था सगळ्या शहाण्या माणसांनी मिळून केली होती.

आपल्या माघारी हे वाडे परक्यांना दिसू नयेत, अशी राजाची इच्छा होती म्हणतात. १ ऑगस्ट १८८६ ला, म्हणजे सात आठवड्यांच्या आत, नॉइश्वानस्टाइनला तिकीट लागलं. त्या नावानेही तो किल्ला राजाच्या मृत्यूनंतरच ओळखला जाऊ लागला. १८९९ पर्यंत बांधकामाची देणी फिटली. आता वर्षाला दहा लाखांहून पुष्कळ अधिक माणसं येतात. वॉल्ट डिस्नेच्या लोकांनी १९५५ साली कॅलिफोर्नियात झोपलेल्या राजकन्येचा किल्ला बांधला तो याच्याकडे बघून. ज्याने राज्य बुडवलं म्हणतात, त्याच्या नावावर ते राज्य जवळजवळ दीडशे वर्षं टूरिस्टांना मोजून घेतंय.

जुलै २०२५ मध्ये पॅरिसला युनेस्कोची बैठक झाली. ११ तारखेला आपले रायगड, राजगड, प्रतापगड वगैरे अकरा आणि तामिळनाडूतली जिंजी असे बारा किल्ले जागतिक वारशात गेले, आणि दुसऱ्याच दिवशी लुडविगचे वाडे. एकाच बैठकीत, शेजारच्या कागदावर. आमचे एक इतिहासप्रेमी स्नेही यावर संतापले. म्हणाले, "अरे, एक दगड शत्रूवर पडला नाही त्या किल्ल्यावरून! एक तोफ नाही, एक वेढा नाही!" मुद्दा बिनतोड होता. शिवाजी महाराजांच्या गडाचा एकेक बुरूज कशासाठी आहे ते आंधळ्यालाही सांगता येतं. नॉइश्वानस्टाइनचे बुरूज कशासाठी आहेत, हे त्याला विचारायला कुणी विहिरीपर्यंत गेलं नव्हतं.

काका १९९१ साली गेले. घर तसंच आहे, वाकायला लागलेल्या सळया वर काढून. यंदा परत आल्यावर मी गावी गेलो, तर फाटकाशी मोटार उभी, आणि घुमटाखालच्या अष्टकोनी खोलीत एक नटलेलं जोडपं लग्नाआधीचे फोटो काढत होतं. मुलगी त्या कुठेच न जाणाऱ्या जिन्यावर, शेवटच्या पायरीला, हात पसरून उभी होती. चुलतभाऊ पायरीवर रजिस्टर घेऊन बसला होता. तासाला पाचशे, म्हणाला; महिन्याला सात-आठ जोडपी येतात, मुंबईहूनसुद्धा.

मी खिशातून पाचशेची नोट काढली. तो म्हणाला, "वेडा की काय? घरचा माणूस तू."

"लिही रजिस्टरात," मी म्हटलं, "आणि सही मी करतो."